‘कॉमनवेल्थ’ : शब्द कोणाचा, संपत्ती कोणाची?

(पक्षाच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे हे लेखरूप आहे.)



मागच्या वर्गात एका तरुण कार्यकर्त्याने मला एक प्रश्न विचारला. कॅनडातील समाजवादी चळवळीवरील एक इंग्रजी पुस्तिका तो मराठीत आणीत होता. १९३२ साली कॅलगरी येथे शेतकरी, कामगार आणि समाजवादी गटांनी मिळून जो पक्ष स्थापन केला, त्याचे नाव ‘को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन’. शब्दकोशात पाहून त्याने भाषांतर केले ‘सहकारी राष्ट्रकुल महासंघ’, आणि मग तो स्वतःच गोंधळला. “सर,” तो म्हणाला, “गव्हाला भाव मिळत नाही म्हणून पेटलेल्या त्या शेतकऱ्यांना राष्ट्रांचे कुल कशाला हवे होते?”

प्रश्न भाषांतराचा होता, पण मला तो अर्थशास्त्राचा वाटला. त्या शेतकऱ्यांना राष्ट्रांचे कुल मुळीच नको होते. त्यांना हवी होती सर्वांच्या मालकीची आणि सर्वांच्या हिताची अर्थव्यवस्था. इंग्रजीतील हा एक सामासिक शब्द पाचशे वर्षांत इतक्या हातांतून गेला, की त्याचा एक अर्थ दुसऱ्याला ओळखही देत नाही. आपल्या भाषेत तो आला तेव्हा त्याच्या सगळ्यांत निरुपद्रवी अर्थाने आला. हे कसे घडले, आणि त्यात आपले काय हरवले, एवढेच मला आज सांगायचे आहे.

प्रथम शब्दाची फोड करू. ‘कॉमन’ म्हणजे सामायिक, सर्वांचे. ‘वेल्थ’ म्हणजे संपत्ती, असे आपण आज सहज म्हणतो. पण हा त्या शब्दाचा मूळ अर्थ नव्हे. जुन्या इंग्रजीत ‘वील’ म्हणजे कल्याण, सुस्थिती. त्यापासूनच ‘वेल्थ’ झाला, आणि पुढे कित्येक शतके तो कल्याण याच अर्थाने वापरला गेला. पैसाअडका हा संकुचित अर्थ मागून बळावला. पंधराव्या-सोळाव्या शतकांत इंग्रज लेखक ‘कॉमन वील’ आणि ‘कॉमन वेल्थ’ हे दोन्ही शब्द आलटूनपालटून वापरीत, आणि त्यांना त्यातून लॅटिनमधील ‘रेस पब्लिका’, म्हणजे सर्वजनांचा कारभार, सुचवायचा असे. संस्कृत व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर हा कर्मधारय समास आहे : सामायिक असे जे कल्याण, ते. ‘राष्ट्रकुल’ हा मात्र षष्ठी तत्पुरुष, राष्ट्रांचे कुल. समास बदलला आणि त्याबरोबर पदार्थही बदलला. ‘वेल्थ’ संपूर्ण गळाले, आणि ‘कॉमन’च्या जागी कूळ आले.

परंतु या शब्दावरचे भांडण आपल्याकडे सुरू झाले नाही. ते इंग्लंडात प्रथमपासूनच होते. १५३१ साली सर टॉमस एलियट यांनी राज्यकर्त्यांच्या शिक्षणावर ‘द गव्हर्नर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या आरंभीच त्यांनी ‘कॉमन वील’ या शब्दाला हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे, की लॅटिन शब्दाचे योग्य भाषांतर ‘पब्लिक वील’ असे होईल. ‘कॉमन’ म्हटले तर एक तर केवळ सामान्य जनांनीच संपन्न व्हावे असा अर्थ निघेल, किंवा सगळे सगळ्यांचे सामायिक असावे आणि उच्चनीच भेद राहू नये असा निघेल! एलियट साहेबांना धोका बरोबर दिसला होता. शब्दाच्या पोटात काय दडले आहे हे भिणाऱ्याला आधी कळते, असा अनुभव आपल्यालाही आहेच.

त्या काळी हा प्रश्न केवळ व्याकरणाचा का नव्हता, हे समजण्यासाठी तेव्हाची शेती पाहिली पाहिजे. लोकरीला भाव आला होता. जमीनदार गावाची सामायिक कुरणे कुंपण घालून मेंढ्यांसाठी बळकावीत होते, आणि ज्या कुटुंबाची एखादी गाय त्या कुरणावर जगे, ते कुटुंब उघड्यावर पडत होते. याच कुरणांना इंग्रजीत ‘कॉमन्स’ म्हणतात. म्हणजे ‘कॉमन’ हे तेव्हा तात्त्विक विशेषण नव्हते. आपण ‘गायरान’ म्हणतो तितके ते मातीतले होते. १५४८-४९ च्या सुमारास लॅटिमरसारखे धर्मोपदेशक आणि जॉन हेल्ससारखे अधिकारी या कुंपणांविरुद्ध बोलू लागले, आणि इतिहासकार त्यांना ‘कॉमनवेल्थ मेन’ म्हणू लागले. त्याच मंथनातून ‘डिस्कोर्स ऑफ द कॉमन वील’ हा संवादग्रंथ १५४९ मध्ये लिहिला गेला. तो छापला गेला १५८१ साली, आणि आज बहुतेक अभ्यासक तो सर टॉमस स्मिथ यांचा मानतात. सरदार, व्यापारी, शेतकरी, टोप्या करणारा कारागीर आणि एक पंडित असे पाच जण महागाईवर वाद घालतात. यातला पंडित नुसता लोभाचा निषेध करून थांबत नाही. माणूस नफ्याकडे ओढला जाणारच; तेव्हा मेंढ्यांपेक्षा नांगर फायद्याचा ठरेल अशी धोरणे आखा, असे तो सांगतो. महागाईच्या मुळाशी नाण्यातील भेसळ आहे हेही तो दाखवतो. अर्थशास्त्र या विषयाला नाव मिळण्यापूर्वी लिहिलेले हे अर्थशास्त्र आहे, आणि त्याच्या शीर्षकात सर्वांचे कल्याण आहे.

त्याच १५४९ च्या उन्हाळ्यात नॉरफोक परगण्यात रॉबर्ट केट यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकऱ्यांनी कुंपणे मोडली आणि नॉर्विच शहराजवळच्या माळावर तळ ठोकला. जमीनदारांनी सामायिक कुरणात आपली जनावरे घालू नयेत, ही त्यांच्या मागण्यांतील एक मागणी. सरकारने भाडोत्री परदेशी शिपाई आणून बंड चिरडले, आणि डिसेंबरात केट यांना फाशी दिले. शब्दाचे पुरस्कर्ते उपदेशक हळहळले, पण त्यांतील बहुतेकांना बंड पसंत नव्हते. सर्वांचे कल्याण वरून यावे, खालून मागितले जाऊ नये, अशी त्यांची धारणा होती. आपल्याही अनेक कल्याणकारी मंडळींची ती आहे.

पुढे शंभर वर्षांनी हा शब्द थेट राज्याचे नाव झाला. ३० जानेवारी १६४९ रोजी पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला, आणि १९ मे रोजी पार्लमेंटने इंग्लंड हे ‘कॉमनवेल्थ आणि मुक्त राज्य’ असल्याचा कायदा केला. राजा आणि उमरावसभा दोन्ही गेल्या. पण कुरणे कोणाची? त्याच एप्रिलमध्ये जेरार्ड विन्स्टन्ली आणि त्यांचे काही गरीब सोबती सरे परगण्यातील सेंट जॉर्जेस टेकडीवर गेले, त्यांनी पडीक सामायिक जमीन खणली आणि तीत भाज्या लावल्या. त्यांना ‘डिगर्स’ म्हणतात. त्यांचा युक्तिवाद साधा होता : राजा गेला, पण राजाने वाटलेली जमीनदारी राहिली, तर मग बदलले काय? स्थानिक जमीनदारांनी त्यांची पिके तुडवली, झोपड्या जाळल्या, आणि वर्षभरात ती वसाहत उठली. १६५२ साली विन्स्टन्ली यांनी क्रॉमवेलला उद्देशून ग्रंथ लिहिला. राजेशाही कारभार म्हणजे जमिनीची खरेदीविक्री आणि कॉमनवेल्थ कारभार म्हणजे जमिनीचा सामायिक उपभोग, अशी विभागणी त्यात त्यांनी केली. क्रॉमवेलने ती ऐकली नाही. त्याच कॉमनवेल्थच्या फौजांनी आयर्लंडमध्ये ड्रॉहेडा आणि वेक्सफर्ड येथे कत्तली केल्या आणि आयरिश जमिनी जप्त करून सैनिकांना व सावकारांना वाटल्या. १६६० मध्ये राजा परत आला.

तत्त्वज्ञांनी मग या शब्दातील काटा काढून टाकला. हॉब्ज यांच्या १६५१ च्या ‘लेव्हायथन’मध्ये कॉमनवेल्थ म्हणजे कोणतेही राज्य, मग ते एका राजाचे का असेना. लॉक यांनीही, आपल्याला लोकशाही अभिप्रेत नसून कोणताही स्वतंत्र राज्यसमाज अभिप्रेत आहे, असे स्पष्ट करून घेतले. अपवाद जेम्स हॅरिंग्टन यांचा. त्यांच्या १६५६ च्या ‘ओशिआना’त सिद्धांत आहे, की जमिनीची मालकी जिकडे झुकते तिकडे सत्ता झुकते, म्हणून कॉमनवेल्थ टिकवायचे तर जमिनीवर कमाल मर्यादा हवी. आपल्या जमीनधारणा कायद्यांचा हा एक दूरचा पूर्वज म्हणता येईल.

हा शब्द समुद्र ओलांडून गेला तेव्हा त्याचा दुटप्पीपणा आणखी उघडा पडला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स, पेन्सिल्व्हेनिया, व्हर्जिनिया आणि केंटकी ही चार राज्ये आजही स्वतःला अधिकृतपणे कॉमनवेल्थ म्हणवतात. व्हर्जिनियाने हे नाव १७७६ साली घेतले, तेव्हा तेथील लाखो गुलाम माणसे ‘सर्वांत’ मोजली जात नव्हती; ती ‘संपत्ती’त मोजली जात होती. ऑस्ट्रेलियाच्या वसाहतींनी १९०१ मध्ये एकत्र येऊन हेच नाव घेतले, आणि त्याच वर्षी पहिल्याच पार्लमेंटने गोऱ्यांखेरीज इतरांना देशाबाहेर ठेवणारा कायदा केला. मूळ रहिवाशांची जमीन तर आधीच गेलेली होती. ‘कॉमन’ या शब्दाला नेहमी विचारावे, की तुझ्यात कोण कोण येतो?

पण हाच शब्द दुसरीकडे कामगारांच्या हातीही राहिला. १८८४ साली लॉरेन्स ग्रोनलंड यांनी ‘को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ’ हे पुस्तक लिहून अमेरिकन वाचकांना समाजवाद समजावला. १८८५ मध्ये लंडनच्या सोशालिस्ट लीगने आपले पत्र काढले, त्याचे नाव ‘कॉमनवील’, संपादक विल्यम मॉरिस. १८९४ साली हेन्री डेमारेस्ट लॉइड यांनी स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या मक्तेदारीवर ग्रंथ लिहिला आणि त्याला नाव दिले ‘वेल्थ अगेन्स्ट कॉमनवेल्थ’. शब्दाच्या दोन्ही अर्थांना त्यांनी समोरासमोर उभे केले : काहींची संपत्ती विरुद्ध सर्वांचे कल्याण. रेल्वे कंपन्यांशी गुप्त सवलतींचे करार करून प्रतिस्पर्ध्यांना कसे बुडवले जाते, हे त्यांनी कागदपत्रांनिशी मांडले. १९११ मध्ये ती कंपनी न्यायालयाच्या आदेशाने फोडावी लागली.

कॅनडाच्या ज्या पक्षापासून मी सुरुवात केली, तो या परंपरेतला. १९४४ साली सस्कॅचवन प्रांतात टॉमी डग्लस यांच्या नेतृत्वाखाली तो सत्तेवर आला. १९४७ मध्ये त्याने सर्वांसाठी रुग्णालय-विमा आणला आणि १९६२ मध्ये डॉक्टरांच्या संपाला तोंड देऊन सार्वत्रिक वैद्यकीय विमा लागू केला, जो पुढे साऱ्या देशाने स्वीकारला. आजारी शेतकऱ्याला उपचारासाठी शेत विकावे लागू नये, हा त्या ‘कॉमनवेल्थ’चा अर्थ होता. आपल्या कार्यकर्त्याच्या भाषांतराची अडचण येथेच आहे.

आता साम्राज्याकडे वळू. १८८४ साली लॉर्ड रोझबेरी यांनी ॲडलेड येथील भाषणात ब्रिटिश साम्राज्याला ‘राष्ट्रांचे कॉमनवेल्थ’ म्हटले. १९२१ च्या आयरिश तहात ‘ब्रिटिश कॉमनवेल्थ’ हा शब्द अधिकृत झाला, १९२६ च्या बाल्फोर जाहीरनाम्याने गोऱ्या वसाहतींना समान दर्जा मान्य केला, आणि १९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. हिंदुस्थान त्या समानांत नव्हता. ॲनी बेझंट यांनी १९१४ साली मद्रासहून ‘कॉमनवील’ नावाचे साप्ताहिक काढले होते, आणि १९२५ मध्ये त्यांच्या प्रेरणेने सिद्ध झालेले ‘कॉमनवेल्थ ऑफ इंडिया’ विधेयक जॉर्ज लान्सबरी यांनी ब्रिटिश पार्लमेंटात मांडले. ते पुढे सरकले नाही.

या ‘सामायिक संपत्ती’चा हिशेब मात्र पाहण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने हिंदुस्थानातून माल आणि सेवा उचलल्या आणि त्यांची किंमत लंडनमध्ये पौंडांत जमा दाखवली. येथे त्या जमेच्या आधारावर रुपयाच्या नोटा छापल्या गेल्या, भाव भडकले, आणि १९४३ मध्ये बंगालात लक्षावधी माणसे भुकेने मेली. युद्ध संपले तेव्हा ही जमा सुमारे १३० कोटी पौंडांची होती. म्हणजे ऋणको ब्रिटन होता आणि धनको आपण, आणि धनको उपाशी होता. ती जमा हप्त्याहप्त्याने सुटली. दरम्यान सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे सुमारे साडेतीस टक्क्यांनी अवमूल्यन झाले, रुपयाही त्याबरोबर तितकाच उतरला, आणि त्या जमेची डॉलरमधील खरेदीशक्ती त्या प्रमाणात घटली.

हे अवमूल्यन होण्यापूर्वी पाचच महिने लंडन जाहीरनामा झाला होता. एप्रिल १९४९ मधील त्या जाहीरनाम्याने भारत प्रजासत्ताक होऊनही कॉमनवेल्थमध्ये राहिला, आणि ब्रिटिश राजाला सहकार्याचे प्रतीक व कॉमनवेल्थचा प्रमुख मानण्यात आले. मे महिन्यात घटना समितीत त्यावर चर्चा झाली. हसरत मोहानी आणि शिब्बनलाल सक्सेना यांनी विरोध केला. ठराव मंजूर झाला. आदल्याच वर्षी नाशिक अधिवेशनात काँग्रेसबाहेर पडलेल्या समाजवाद्यांनाही हा निर्णय रुचला नव्हता, आणि डॉ. लोहियांनी तर पुढेही सदस्यत्व सोडण्याचा आग्रह धरला. मला स्वतःला नेहरूंची बाजू अगदीच पोकळ वाटत नाही. एकट्या पडलेल्या नव्या राष्ट्राला मैत्रीची दारे उघडी ठेवायची होती, आणि पुढे वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेला १९६१ मध्ये या संघटनेतून बाहेर पडावे लागले त्यात आशियाई-आफ्रिकी सदस्यांचा दबाव कारणीभूत होता. परंतु याच संघटनेतील नागरिकांना आपल्या दारात थांबवण्यासाठी ब्रिटनने १९६२ मध्ये कायदा केला, आणि १९६८ मध्ये केनियातून निघालेल्या भारतीय वंशाच्या ब्रिटिश पारपत्रधारकांना रोखण्यासाठी तो अवघ्या काही दिवसांत आणखी कडक केला. तेव्हा सत्तेवर मजूर पक्ष होता, हे आपण समाजवाद्यांनी विसरू नये.

मराठीत ‘राष्ट्रकुल’ रूढ झाले ते या संघटनेपुरते. तेवढ्यापुरते ते वाईट नाही. कुलात वडीलधारा असतोच, आणि धाकट्याने वाटणीचा विषय काढला की घरात शांतता पसरते, हेही चपखल आहे. आमच्या खेड्यातील शेतकरी तर ‘कुल’ वाचताना ‘कूळ’ वाचील, आणि ‘जमिनीचा मालक कोण?’ असे विचारील. १९४८ च्या मुंबई कूळ कायद्याने त्याला तो प्रश्न विचारायला शिकवले आहे. २०१० मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा झाल्या, तेव्हा बांधकाम मजुरांना किमान वेतन मिळत नसल्याचे दिल्ली उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने नोंदवले. अनुसूचित जातींसाठी राखलेला निधी या स्पर्धांकडे वळवल्याची कबुली सरकारला राज्यसभेत द्यावी लागली. ‘कॉमन’मधून कोण वगळला गेला आणि ‘वेल्थ’ कोणाकडून कोणाकडे गेली, हे तेथे एकाच वेळी दिसले.

मित्रहो, शब्द हरवला म्हणजे प्रश्नही हरवतो. आपल्या राज्यघटनेच्या ३९ (ब) या अनुच्छेदात राज्यावर जबाबदारी टाकली आहे, की समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी व नियंत्रण सर्वांच्या हिताला पोषक होईल अशा रीतीने वाटले जावे. कॉमनवेल्थ या शब्दाचा जुना अर्थ आपल्या घटनेत असा उतरला आहे. त्याचा अर्थ लावण्याचा प्रसंग आला तो मुंबईतील जुन्या उपकरप्राप्त चाळींच्या निमित्ताने. १९८६ च्या दुरुस्तीने अशा इमारतींतील सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केल्यास, मासिक भाड्याच्या शंभर पट मोबदला देऊन इमारत संपादन करण्याची तरतूद केली. घरमालक न्यायालयात गेले. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितले, की प्रत्येक खाजगी मालमत्ता ‘समाजाची साधनसंपत्ती’ ठरत नाही. १९७७ साली न्या. कृष्ण अय्यर यांनी मांडलेला व्यापक अर्थ बाजूला सारला गेला.

या निकालाने दार पूर्ण लावले असे मात्र मी म्हणणार नाही. साधनाचे स्वरूप काय, ते दुर्मीळ आहे काय, समाजाच्या कल्याणावर त्याचा परिणाम काय, आणि ते मोजक्या हातांत एकवटले तर काय होईल, या कसोट्यांवर काही खाजगी साधनेही या व्याख्येत येऊ शकतात, असे त्याच बहुमताने म्हटले आहे. पाणी, जंगल, खनिजे आणि शहरातील जमीन यांना या कसोट्या लावून दाखवणे हे आता आपले काम आहे. ते केवळ वकिलांवर सोडून चालणार नाही.

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. ॲडम स्मिथ यांच्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’पासून मी वर्षाचा आरंभ करीत असे. योगायोगाने तेही १७७६ चेच. राष्ट्राची संपत्ती कशी मोजायची हे मी विद्यार्थ्यांना शिकवले. तिच्यात कल्याण किती हे मोजण्याची सवय मात्र लावली नाही, ही माझी उणीव. गायरानावर फुकट चरणारी शेळी राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यात जेमतेम दिसते. गायरान कुंपणाआड जाऊन त्या बाईला चारा विकत घ्यावा लागला, की व्यवहार वाढतो आणि आकडाही वाढतो. सोळाव्या शतकातील तो पंडित हा आकडा पाहून समाधानी झाला नसता.

तेव्हा भाषांतर काय करावे? रस्किन यांच्या १८६० मधील ‘अन्टू धिस लास्ट’चे गांधीजींनी १९०८ साली गुजरातीत रूपांतर केले, आणि त्याला ‘सर्वोदय’ हे नाव दिले. कल्याण या अंगाने ‘कॉमनवील’ला इतका जवळचा शब्द दुसरा नाही. पण सर्वोदयात मालकीचा प्रश्न विश्वस्तांच्या सद्‌बुद्धीवर सोडला जातो, आणि विन्स्टन्लींचा अनुभव सांगतो की टेकडीवरची पिके तुडवणारेही स्वतःला सद्‌गृहस्थच समजत होते. म्हणून मी त्या कार्यकर्त्याला सुचवले, की पक्षाचे नाव ‘सहकारी सर्वस्व महासंघ’ असे लिही : सर्वांचे जे स्व, ते सर्वस्व. त्याला ते थोडे विचित्र वाटले. मलाही वाटते. याहून चांगला शब्द तुमच्यापैकी कोणाला सुचला तर अवश्य कळवा. मात्र त्या शब्दात कल्याण आणि मालकी दोन्ही असली पाहिजेत. आपल्या गावच्या गायरानाचा सातबारा कोणाच्या नावे आहे, हे तलाठ्याकडे जाऊन पाहिलेत, तर त्या शब्दाचा शोध तेथूनच सुरू करता येईल.